"आमाला काय दर्या शिकवताव?" असं गावाने विचारल्यावर

मुरूड तालुक्यात काम करणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. किनाऱ्यावरची सहा गावं, सीएसआरचा (कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या पैशातला) एक वर्षाचा निधी, विषय 'हवामान बदल जनजागृती'. शाळांमध्ये पीपीटी झाली, चित्रकला स्पर्धा झाली, वसुंधरा दिनाला रॅली झाली. मग गावात सभा ठेवली तर अकरा माणसं आली, त्यातली चार यांच्याच संस्थेची, आणि एक म्हातारे तांडेल, म्हणजे मच्छीमार बोटीचे प्रमुख, उठून म्हणाले, "आमाला काय दर्या शिकवताव?" आता आठ महिने उरलेत, लोकांना इंटरेस्ट कसा लावायचा, असं त्या विचारतायत.

ताई, पहिलं म्हणजे त्या तांडेलांचं बोलणं मनाला लावून घेऊ नका, मला हे वाक्य किमान पाच गावांत ऐकायला मिळालंय. मी मूळचा पेणच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीला बांध घालून भात पिकवणाऱ्या पट्ट्यातला, वीस-एक वर्षं अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या गावांत हेच काम करतोय, आणि सुरुवातीची चार वर्षं तुम्ही करताय तेच करत होतो, फक्त तेव्हा पीपीटीच्या जागी ओव्हरहेड प्रोजेक्टर होता आणि लाईट गेली की कार्यक्रम संपायचा. म्हणजे मी सांगतोय ते शहाणपण म्हणून नाही, चुका करून झाल्यात म्हणून.

तुम्ही प्रश्न इंटरेस्टचा म्हणताय, मला तो इंटरेस्टचा वाटत नाही. निसर्ग वादळात ३ जून २०२० ला ज्या माणसाची तीस वर्षांची सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली त्याला वादळात इंटरेस्ट नाही असं कसं म्हणणार. तो आधीच त्या विषयात बुडालेला आहे. अडचण अशी की तुम्ही त्याला जे सांगताय त्यातलं उद्या सकाळी उठून करायचं काय हे त्याला दिसत नाही, आणि त्याला जे माहीत आहे ते तुम्ही विचारलेलं नाही. त्यामुळे सभेत बसून त्याचे दोन तास जातात, हाती काही लागत नाही, मग तो येत नाही. माझ्या अनुभवात गावातलं पर्यावरण शिक्षण तेव्हाच टिकतं जेव्हा त्याच्या शेवटी एखादं ठरलेलं काम एका ठरलेल्या माणसाच्या नावावर लागतं. खाली जे काही लिहितोय ते सगळं त्याच्याच भोवतीचं आहे.

आता, तुमची सहा गावं कशी आहेत हे मला माहीत नाही आणि त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. नुसता कोळीवाडा असेल तर गोष्ट वेगळी, नारळ-सुपारीच्या वाड्यांचं गाव असेल तर वेगळी, खाडीकाठची भातशेती असेल तर आणखी वेगळी, आणि निम्मं गाव होमस्टेवर चालत असेल तर तिथे कोण काय ऐकेल ते अजून निराळं. एकाच गावात हे चारही असतात, आणि त्यांचं एकमेकांशी पटत असेलच असं नाही. सहा गावांना एकच पीपीटी हा पहिला घोळ तिथेच आहे. शक्य असेल तर सहातली दोनच गावं धरा, बाकीच्या चारमध्ये जे कागदावर कबूल केलंय तेवढं करा. निधी देणाऱ्याला हे सांगायला जड जातं, मान्य, पण सांगितलं तर बऱ्याचदा ऐकतात.

सभेच्या वेळेपासून सुरू करू कारण सगळ्यात स्वस्तात सुधारणारी गोष्ट तीच आहे. तुमची सभा किती वाजता होती आणि त्या दिवशी तिथी कोणती होती? हसू नका. आमच्या पट्ट्यात भरतीचा जुना हिशोब असा की तिथीला पाऊणने गुणायचं, जो आकडा येईल ती साधारण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यापासून सहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो पण काम भागतं. आता पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला संध्याकाळी पाचची सभा ठेवलीत तर दुपारी दीडला भरती झालेली, साडेसातपर्यंत पाणी उतरत जाणार, उधाणाचे म्हणजे मोठ्या भरती-ओहोटीचे दिवस, म्हणून पाणी समुद्राकडे लांबवर मागे जाणार, मग कालवं-शिंपल्या काढणाऱ्या बाया पाच वाजता तुमच्या सभेत बसतील की किनाऱ्याला जातील? डोलवाले, म्हणजे डोल हे एका जागी रोवलेलं जाळं लावणारे, पण उधाणातच बिझी असतात कारण डोल पाण्याच्या ओढीवर चालते. भांगाला, म्हणजे अष्टमी ते एकादशीच्या दरम्यान, पाण्याला जोर नसतो, माणसं जाळी शिवत घरी असतात. सभा भांगाला ठेवा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं, एका म्हातारीने दोन वर्षांनी सांगितलं की "तू नेमका आमच्या धंद्याच्या टायमाला येतंस" आणि मला इतकी लाज वाटली की मी त्या दिवसापासून खिशात छोटं पंचांग ठेवतो. मोहल्ल्यात सभा असेल तर जमातीच्या मंडळींना विचारून शुक्रवारच्या नमाजनंतरची वेळ घ्या. आणि निम्मी कर्ती माणसं मुंबईला असतात, ती गणपतीत आणि शिमग्याला गावात असतात, त्या वेळी आरतीनंतरची वीस मिनिटं मिळाली तर ती तुमच्या वर्षभराच्या सभांपेक्षा जास्त कामाची.

आता विषय कुठला घ्यायचा. 'हवामान बदल' या शब्दाने सुरुवात करू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये दाखवलंय की अरबी समुद्रातली चक्रीवादळं १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ मध्ये ५२ टक्क्यांनी वाढली, हा आकडा खरा आहे, महत्त्वाचा आहे, तुमच्या रिपोर्टात टाकाच. पण गावात त्याची गरज नाही, गावाने २००९ चं फयान, मग निसर्ग, मग लगेच मे २०२१ चं तौक्ते असं एकामागून एक पाहिलंय, त्यांना टक्केवारी सांगणं म्हणजे ज्याचं घर गळतंय त्याला पावसाचे मिलिमीटर सांगण्यासारखं आहे.

मी विहिरीपासून सुरू करतो. बहुतेक किनारी गावांत विहिरी मचूळ होण्याची तक्रार असते, आणि ती तक्रार बायांची असते म्हणून ग्रामसभेच्या प्रोसिडिंगमध्ये कधी येत नाही. एका गावात आम्ही शाळेतल्या सातवीच्या पोरांना घेऊन अकरा विहिरींचं पाणी मोजायला लागलो, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं, हातात मावणारं टीडीएस मीटर, ऑनलाईन काही शे रुपयांत मिळतं. पिण्याच्या पाण्याला सरकारी मानकात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं आणि दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या असं आहे, समुद्राचं पाणी ३५,००० च्या आसपास. पोरं एका विहिरीवर मीटर बुडवून आकडा ओरडून सांगत होती तेवढ्यात तिथली एक आजी म्हणाली, "ते यंत्र कशाला, या पान्यान डाल शिजत नाय दिवालीपासून." आम्ही आकडा बघितला तर त्या विहिरीचा गावात सगळ्यात जास्त होता. मग पोरांना दुसरा गृहपाठ दिला, घरोघर विचारून या की कुठल्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि कधीपासून. त्या यादीतून निघालं ते मीटरमधून निघालं नसतं कारण मीटर आजचं सांगतो आणि बायांना गेल्या पंधरा वर्षांचं माहीत होतं.

मग कारण समजावून सांगायची जागा आपोआप मिळाली. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, किनाऱ्याच्या रेतीत ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, समुद्रसपाटीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट गोड्या पाण्याचा थर धरून ठेवतं. उलट बघा मग, वरचं एक फूट तुम्ही मोटरने ओढलंत की खालून खारं पाणी किती वर येणार. हे मी काचेच्या ग्लासात रंगवलेलं मिठाचं पाणी आणि वरून अलगद सोडलेलं साधं पाणी घेऊन, त्यात स्ट्रॉ घालून दाखवतो, पाच मिनिटांचा खेळ. त्या दिवशी तो खेळ संपल्यावर मागे बसलेला एक जण उठला आणि म्हणाला म्हणजे अमुक रिसॉर्टवाल्याने पाच एचपीची मोटर बसवली तेव्हापासून हे सुरू झालं. खरं-खोटं लगेच सांगता येत नव्हतं, आम्ही तसं सांगितलंही, पण दर अमावस्या-पौर्णिमेला आकडा लिहायचा तक्ता शाळेच्या भिंतीवर ऑईलपेंटने काढला आणि पुढच्या मे महिन्यात त्या तक्त्यातले आकडे घेऊन ग्रामपंचायतीने त्या मालकाशी बोलणी केली. मोटर चालवायच्या वेळा ठरल्या. समुद्राची पातळी वाढतेय, पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळतो म्हणून जमिनीत मुरायला वेळ मिळत नाही, हे सगळं आम्ही त्या बोलण्यात सांगितलं आणि लोकांनी ऐकलं कारण आता त्याचा संबंध डाळीशी होता.

एक आडमाहिती. निसर्गनंतर कित्येक गावांत काही आठवडे वीज नव्हती, मोटरी बंद, नळयोजना बंद, तेव्हा लोक जुन्या आडांवर गेले आणि निम्मे आड कचऱ्याने भरलेले निघाले. म्हणून विहिरींच्या यादीत बंद पडलेल्या विहिरी पण लिहा. आपत्तीची तयारी म्हटलं की लोक बोटी आणि दोरखंड आठवतात, उपसलेला आड कुणाला आठवत नाही.

दुसरं काम वादळाच्या इशाऱ्याचं. इथे तांडेल लोकांचा मान ठेवा. बंदरावर 'तीन नंबरचा बावटा' लागला म्हणजे काय हे त्यांना पाठ आहे, पण त्याच गावातल्या वाडीवाल्याला माहीत नसतं, त्याला टीव्हीवरचा ऑरेंज आणि रेड अलर्ट माहीत असतो, आणि तो दर पावसाळ्यात इतक्या वेळा वाजतो की कान बधिर झालेत. तुमच्या त्या तांडेलांना सांगा की काका, मला शिकवायचं नाहीये, तुम्ही शाळेत येऊन पोरांना बावट्यांचं सांगा. पहिल्यांदा नाही म्हणतील. दुसऱ्यांदा चहा पिऊन विचारा. आले की मग थांबत नाहीत असा माझा अनुभव आहे, फयानच्या वेळी कोण कुठल्या बोटीवर होतं, बोटी समुद्रात असताना निरोप कसा पोहोचला नाही, हे ते सांगायला लागले की सातवीच्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल. हैदराबादच्या इन्कॉईस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचे लाटांचे इशारे, हवामान खात्याचं 'मौसम', आभाळातून पडणाऱ्या विजेसाठी 'दामिनी' ॲप, हे सगळं त्यानंतर दाखवा, आणि नुसतं दाखवू नका, गावातल्या दोन पोरांच्या नावावर लावा की इशारा आला की कोळीवाड्याच्या ग्रुपवर कोण टाकणार आणि मोबाईल टॉवर गेला की देवळाच्या आणि मशिदीच्या भोंग्यावरून कोण सांगणार.

पोरांना आणि मोठ्यांना एक गोष्ट आवर्जून शिकवा, ती म्हणजे वादळाचा डोळा. वादळाचं केंद्र गावावरून गेलं तर मध्ये वारा एकदम पडतो, पाऊस थांबतो, आभाळ उजळल्यासारखं वाटतं. लोकांना वाटतं संपलं, बाहेर पडतात उडालेले पत्रे गोळा करायला, गाय बघायला. आणि मग वारा उलट्या दिशेने येतो. पहिल्या वाऱ्याने अर्धवट हललेली झाडं, सैल झालेले पत्रे, सगळं त्या दुसऱ्या वाऱ्याला पडतं. हे मी परातीत पाणी फिरवून मधला खळगा दाखवून सांगतो, आणि मग एकच नियम, शांत झालं तरी अधिकृत निरोप येईपर्यंत बाहेर पडायचं नाही. वर्षभरात गावाने एवढी एक गोष्ट जरी लक्षात ठेवली तरी तुमचा निधी वसूल झाला म्हणायचा.

आणि चावी! एका गावात आपत्तीच्या आराखड्यात निवारा म्हणून शाळा लिहिलेली होती, बरोबर वर्षानुवर्षं लिहिलेली. वादळाच्या सकाळी माणसं शाळेपाशी गेली तर कुलूप, चावी गुरुजींकडे, गुरुजी राहतात तालुक्याला, आणि लॉकडाऊनमुळे शाळा तशीही बंदच. कुलूप तोडलं शेवटी. आत गेल्यावर कळलं की शाळेचे पत्रे कुणाच्या घराच्या पत्र्यांपेक्षा काही मजबूत नाहीत. त्या आराखड्याची फाईल मी नंतर पाहिली, अठ्ठावीस पानं, पण चावी कुणाकडे ते लिहिलेलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येक गावात एक फेरी काढतो, पंधरा-वीस माणसं, सोबत पोरं, निवाऱ्याच्या जागी चालत जायचं, कुलूप उघडून बघायचं, किती मिनिटं लागली ते घड्याळात बघायचं, अंथरुणाला खिळलेली म्हातारी माणसं कुठल्या घरात आहेत आणि त्यांना कोण उचलणार ते तिथल्या तिथे ठरवायचं. मे महिन्याच्या शेवटी करा, बोटी ओढून वर घेतलेल्या असतात, माणसं घरी असतात.

पाण्याच्या खुणांचं पण असंच आहे. उधाणाला कुठल्या गल्लीत पाणी शिरलं, कुठल्या पायरीपर्यंत आलं, हे जुन्या माणसांसोबत फिरून भिंतींवर रंगाने खूण करायची आणि वर्ष टाकायचं. महाड-चिपळूणकडे नदीच्या पुरासाठी लोक हे करतात, २२ जुलै २०२१ च्या खुणा आजही तिथली माणसं बोट दाखवून सांगतील. खाडीकाठच्या गावांत हे करायला एक दिवस पुरतो. फक्त आधी घरमालकाला विचारा, एका ठिकाणी आम्ही न विचारता खूण केली तर तो म्हणाला माझ्या घराला आता गिऱ्हाईक येणार नाही, आणि त्याचंही काही चूक नव्हतं.

आता कांदळवन, कारण तुमच्या योजनेत 'कांदळवन लागवड' असणारच, सगळ्यांच्या असते. इथे माझी स्वतःची मोठी फजिती सांगतो. आम्ही एका खाडीत, मोकळ्या चिखलात, कांदळाच्या दोन हजार शेंगा रोवल्या, कॉलेजची पोरं, फोटो, बॅनर, सगळं. वर्षभरात जवळपास सगळ्या मेल्या. कारण तो चिखल इतका खाली होता की दिवसातला बराच वेळ पाण्याखाली, तिथे झाड मुळातच येत नाही, येत असतं तर निसर्गाने आपणहून आणलं असतं, शेंगा काय तिथे वाहून येतच असतात. आणि वर कालवं काढणाऱ्या बायांची वाट आम्ही अडवली ती वेगळीच. त्यांनी आम्हाला विचारलं की ही झाडं कुणासाठी, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी कुणी लागवड म्हटलं की आधी विचारतो, तिथे पूर्वी झाडं होती का, होती तर कशाने गेली, भराव पडला का, पाण्याची वाट बंद झाली का. वाट मोकळी केली तर बऱ्याच ठिकाणी तिवर (कांदळवनातलंच एक झाड) आपोआप उगवते, रोपं लावावी लागत नाहीत. पण वाट मोकळी करतानाचा फोटो चांगला येत नाही हा प्रॉब्लेम आहे.

आणि खारेपाटातल्या शेतकऱ्यापुढे 'कांदळवन आपला मित्र' असं म्हणायच्या आधी दहा वेळा विचार करा. माझ्या गावाकडे खारीचा बांध फुटला, वेळेत दुरुस्त झाला नाही, शेतात खारं पाणी शिरलं आणि पाच-सात वर्षांत तिथे तिवरांचं रान झालं. सातबारा त्या माणसाच्या नावावर, भात शून्य, आणि झाडाला हात लावला तर गुन्हा. त्याला जाऊन आपण झाडाचे फायदे सांगणार? कायदा बरोबर आहे, मी कायद्याच्या बाजूचा आहे, कांदळवन लाटांचा जोर खातं, कोळंबी-चिंबोऱ्यांची पिल्लं तिथेच वाढतात, हे सगळं खरं. पण त्या माणसाचं नुकसान पण खरं आहे आणि ते आधी ऐकून घेतल्याशिवाय तो तुमचं काही ऐकणार नाही. त्याच्याशी बोलायचं तर बांधाबद्दल बोला, उघाडीबद्दल बोला.

उघाडी पाहिली नसेल तर एकदा ओहोटीला जाऊन उभ्या राहा. बांधातली ती झडप, ओहोटीला शेतातल्या पाण्याच्या दाबाने आपली आपण उघडते, पाणी खाडीत जातं, भरती आली की खाडीच्या दाबाने आपली आपण बंद होते. वीज नाही, माणूस नाही. पण एक प्लास्टिकची बाटली किंवा थर्माकोलचा तुकडा झडपेत अडकला की ती बोटभर उघडी राहते आणि त्या फटीतून दर भरतीला खारं पाणी आत. मी पोरांना प्लास्टिकचा धडा तिथे देतो. माझ्या लहानपणी उघाडीवर लक्ष ठेवायला गावाचा एक माणूस असायचा, त्याला सुगीला भात मिळायचं, आणि बांधाला भगदाड पडलं की सगळं गाव टोपल्या घेऊन जायचं. नंतर बांध सरकारी झाले, माणूस गेला, भगदाड पडलं की आता अर्ज जातो, आणि अर्ज मंजूर होईपर्यंत दोन उधाणं येऊन जातात. सरकारने करू नये असं मी म्हणत नाही, पक्का बांध गावाच्या आवाक्यातला नाही. पण उधाणाच्या आदल्या दिवशी झडप साफ करायला टेंडर लागत नाही. एका गावात आम्ही हे काम तरुण मंडळाकडे दिलं, दर अमावस्या-पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी दोन पोरं जातात, फोटो ग्रुपवर टाकतात. तीन वर्षं झाली, अजून चालू आहे, मध्ये एकदा बंद पडलं होतं कारण त्या दोघांतला एक जण नोकरीला गेला. खारं पाणी शिरलेल्या शेतासाठी पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या 'पनवेल' या भाताच्या जातींचं बियाणं, पहिल्या पावसाचं पाणी शेतात कोंडून मग ओहोटीला सोडून देऊन मीठ धुवून काढणं, या गोष्टी शेतकऱ्यांना जुन्या माणसांकडून आणि कृषी खात्याच्या माणसाकडून मिळतात, तुम्ही फक्त दोघांना एका बांधावर आणायचं.

इथपर्यंतचं एकदा पटकन सांगतो म्हणजे हरवायला नको: दोन गावं धरा, सभा भांगाला, विहिरींचा तक्ता, बावटा आणि डोळा, निवाऱ्याची चावी, शेतीचं गाव असेल तर उघाडी. लागवड शेवटी, आणि जागा बघूनच.

शाळेचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत पण तुमचं सगळं काम शाळेतच दिसतंय म्हणून सांगतो. शाळा सोडू नका, फक्त चित्रकला स्पर्धेतून बाहेर काढा. पोरांनी पृथ्वीला ताप आल्याचं चित्र काढून झालंय, दरवर्षी तेच चित्र येतं, थर्मामीटर तोंडात असलेली पृथ्वी. त्याऐवजी पोरांना घरी प्रश्न घेऊन पाठवा, म्हणजे घरातली माणसं आपोआप विषयात येतात. आजीला विचार, पूर्वी किनारा कुठपर्यंत होता. बाबाला विचार, निवटी (चिखलातली मासळी) पूर्वी कुठल्या चिखलात मिळायच्या, आता मिळतात का. पोरांना किनाऱ्यावर न्या आणि मर्यादवेल दाखवा, तिची मुळं रेती कशी धरून ठेवतात ते हाताने उकरून बघू दे, आणि मग विचारा की सुरूची झाडं निसर्ग वादळात रांगेने का पडली. शिक्षकांवर जास्त काही लादू नका, त्यांच्याकडे आधीच इतक्या ॲपवर माहिती भरायची असते की तुमचा आणखी एक फॉर्म दिसला की ते दाराआड जातात. महिन्यातून एक तास मागा, तोही त्यांच्या सोयीने.

वेळासला गावाने कासवांची घरटी राखली त्याचं उदाहरण तुम्हाला कुणीतरी देईलच, वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीतल्या बचत गटाच्या कांदळवन सफारीचंही देतील. दोन्ही चांगली आहेत, जाऊन बघा, जमलं तर गावातल्या चार बायांना घेऊन जा, तुम्ही एकट्या जाऊन फोटो दाखवण्यापेक्षा. पण तिथे लोक टिकले कारण घरात दोन पैसे यायला लागले, आणि चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रसारखी माणसं वेळासला वर्षानुवर्षं जात राहिली. तुमच्या गावात कासव येत नसेल तर तो साचा बसणार नाही. आठ महिन्यांत पर्यटन उभं राहत नाही, ते वचन गावाला देऊ नका. एकदा एका संस्थेने एका गावाला असं वचन देऊन ठेवलं होतं आणि पुढची पाच वर्षं त्या गावात आम्हाला कुणी पाणी विचारलं नाही.

आता निधी देणाऱ्यांचा रिपोर्ट. त्यांना 'किती लाभार्थी' हा आकडा लागतो, आणि माझ्या पद्धतीत तो कमी दिसतो हे मान्य आहे. मी असं करतो, लाभार्थी रकान्यात विहिरीवर पाणी भरणारी घरं लिहितो, ते खोटं नाही. आणि सोबत तीन फोटो जोडतो, भिंतीवरचा तक्ता सप्टेंबरचा, जानेवारीचा आणि मेचा. आतापर्यंत कुणी नाकारलेलं नाही. एक-दोघं तर स्वतः येऊन तक्ता बघून गेले.

त्या तांडेलांकडे मात्र याच आठवड्यात जा. सभेचं बोलू नका. त्यांना विचारा की निसर्गच्या आदल्या दिवशी दर्याचं पाणी कसं दिसत होतं, आणि वही काढू नका, निदान पहिला अर्धा तास तरी. आणि टीडीएस मीटर मागवाल तेव्हा दोन मागवा, एक पोरं पहिल्या महिन्यात विहिरीत पाडतातच.